फ्लामेंको: कोम्पास, हार्मनी आणि रचना

फ्लामेंको ही दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसिया प्रांतात गाणे, गिटार आणि नाच यांच्या एकत्र सहवासातून वाढलेली कला आहे. गाण्याला कान्ते म्हणतात, गिटारवादनाला तोके आणि नाचाला बाइले. पाल्मास म्हणजे टाळ्या आणि हालेओ म्हणजे गाणाऱ्याला दिलेली दाद, यांचेही स्थान तितकेच महत्त्वाचे आहे. हेरेस, कादिस आणि सेवियातली त्रियाना वस्ती ही तिची जुनी घरे. २०१० साली युनेस्कोने तिचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला. परक्या माणसाच्या डोळ्यांत आधी नाच भरतो, पण या परंपरेत पहिला मान गाण्याचा आहे. गिटारची हार्मनी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांची मांडणी, त्या गाण्याला आधार देत घडली, आणि ती टाळ्यांच्या हिशेबाबाहेर समजूच शकत नाही. कोणती कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारा स्वरांचा गट, वाजवायची याइतकेच ती कितव्या मात्रेवर पडते हेही ठरलेले असते.

रोमा (जिप्सी) लोक १४२५च्या सुमारास स्पेनमध्ये पोहोचले. त्यांच्या भाषेची मुळे भारतात आहेत हे भाषाशास्त्राने दाखवले आहे. मात्र तेवढ्यावरून फ्लामेंको थेट आपल्या रागांतून निघाले असे म्हणणे घाईचे ठरेल. रोमा गायक, आंदालुसियाची लोकगीते, मूर (स्पेनमधले मुस्लिम) आणि ज्यू वस्त्यांचा शेजार, अमेरिकेतून जहाजांबरोबर परत आलेल्या चाली असे बरेच प्रवाह त्यात मिसळले. तोना आणि मार्तिनेते हे जुने प्रकार आजही गिटारशिवाय गायले जातात. मार्तिनेतेचे नाते लोहारांच्या भट्टीशी सांगतात, आणि रंगमंचावर कधी कधी ऐरणीवर हातोडा मारून त्याला साथ करतात. एकोणिसाव्या शतकात कॅफेंमधून व्यावसायिक मैफली सुरू झाल्या, गिटार गायकाच्या शेजारी कायमची बसली आणि हार्मनीचे नियम पक्के होत गेले.

फ्लामेंकोतल्या प्रत्येक गीतप्रकाराला पालो म्हणतात. पालो ओळखायचा तो कोम्पासवरून, स्वरांच्या ठेवणीवरून आणि भाववृत्तीवरून. कोम्पास म्हणजे तालाचे आवर्तन. सोलेआ या पालोचा कोम्पास १२ मात्रांचा असून जोर ३, ६, ८, १०, १२ या मात्रांवर येतो. आपल्याकडच्या एकतालाच्याही मात्रा १२च, पण तिथे दोन-दोनचे सहा विभाग. इथे तीन, तीन, दोन, दोन, दोन अशी विषम पावले पडतात. आपल्या कानाला आणखी एक गोष्ट चकवते. आपण पहिल्या मात्रेला सम मानतो, तिथे येऊन मिळतो. सोलेआत येऊन मिळण्याची जागा १०वी मात्रा आहे. वाक्य तिथे पुरे होते, आणि ११, १२ या मात्रा श्वासासाठी किंवा पुढच्या आवर्तनाच्या तयारीसाठी उरतात.

बुलेरियासमध्ये हाच हिशेब वेगाने धावतो आणि मोजणी बहुधा १२पासून सुरू होते. सिगिरियातही तीच पावले, फक्त सुरुवात ८व्या मात्रेपासून: दोन, दोन, तीन, तीन, दोन. वादक ती पाच लांब-आखूड ठोक्यांत मोजतात, 'एक, दोन, तीन-आणि, चार-आणि, पाच'. तांगोस चार मात्रांचा सरळ पालो, तिएन्तोस त्याचाच संथ भाऊ. फान्दांगोस तिनाच्या अंगाने चालतो. मालागेन्या, ग्रानाइना, तारान्ता हे गायकाच्या श्वासावर चालणारे मुक्त पालो. त्यांत टाळ्या नसतात.

हार्मनीचा पाया म्हणजे फ्रिजियन स्वरमेळ. गिटारच्या ई स्वराला सा धरा आणि रे, ग, ध, नि कोमल घ्या. हा झाला आपला भैरवी थाट, मैफलीच्या शेवटी ऐकत आलेल्या स्वरांचा. फरक असा की षड्जावर उभी राहणारी कॉर्ड मात्र मेजर असते, म्हणजे तिच्यात शुद्ध गंधार येतो. त्यामुळे एकाच पालोत दोन्ही गंधार नांदतात. गळा कोमल गंधारावरून उतरतो आणि गिटार शुद्ध गंधाराची कॉर्ड घेऊन खाली वाट पाहते. फ्लामेंकोचा तो ओळखीचा कडू-गोड रंग बहुतांशी इथून येतो.

या स्वरमेळातून ए मायनर (मायनर म्हणजे कोमल गंधाराची कॉर्ड), जी, एफ, ई अशी चार कॉर्डची उतरण निघते. तिला आंदालुसियन केडन्स म्हणतात. नवशिक्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ नेमका इथे होतो. पाश्चात्त्य शास्त्र शिकलेल्याला किंवा पॉप-रॉकवर वाढलेल्याला ए मायनर हे घर वाटते आणि ई म्हणजे घरी परतण्याआधीचा ताण. फ्लामेंकोत उलटे आहे: ई हेच घर. ताण एफमध्ये, म्हणजे कोमल रिषभावर उभ्या कॉर्डमध्ये असतो, आणि तो अर्ध्या स्वराने खाली घसरून षड्जावर विसावतो. खालच्या निषादाने षड्जाकडे ढकलण्याचे पाश्चात्त्य काम इथे वरचा रिषभ करतो. हे एकदा कानाला पटले की निम्मी वाट सरते. ते पटवण्याचा साधा मार्ग असा: एफ आणि ई या दोनच कॉर्ड बराच वेळ आलटून-पालटून वाजवायच्या, ईवर थांबायचे, आणि पुढे एमध्ये जाण्याचा मोह होऊ द्यायचा नाही.

वादक ही हार्मनी दोन मुख्य मांडण्यांत वाजवतात. ईला घर मानले की ती 'पोर आरिबा'. सोलेआ बहुधा इथे बसते. एला घर मानले की 'पोर मेदियो', आणि उतरण डी मायनर, सी, बी फ्लॅट, ए अशी होते. सिगिरिया, तांगोस आणि पुष्कळशा बुलेरियास या मांडणीतल्या. ग्रानाइनाचे घर बी, तारान्ताचे एफ शार्प. गायकाच्या पट्टीनुसार गिटारच्या मानेवर सेहिया, म्हणजे कॅपो, लावतात आणि बोटांचे आकार तेच ठेवतात. म्हणून 'तीनवर पोर मेदियो' एवढे सांगितले की साथीदाराला सगळे कळते. खरी पट्टी कोणती, हे सांगायची गरज पडत नाही.

या कॉर्ड पुस्तकातल्यासारख्या स्वच्छ वाजत नाहीत. एफ धरताना पहिली तार मोकळी सोडली की तिचा ई एफच्या अंगावर अर्ध्या स्वराने घासतो. तारान्ताच्या एफ शार्पमध्ये वरच्या दोन तारा मोकळ्या गुंजतात, आणि खाणकामगारांच्या गाण्यांशी जोडलेल्या त्या पालोचा काळोख त्या घर्षणात ऐकू येतो. रामोन मोन्तोया या वादकाने रोन्देन्या या पालोसाठी सहावी तार डीला आणि तिसरी एफ शार्पला उतरवली. १९३६ साली पॅरिसमध्ये झालेल्या त्याच्या ध्वनिमुद्रणांमुळे फ्लामेंको गिटार स्वतंत्रपणेही ऐकली जाऊ लागली.

आता सोलेआचे एक आवर्तन जवळून पाहू. १ आणि २वर ई. ३वर हात एफवर जातो, टाळीही तिथेच पडते. मधल्या मात्रांत अंगठा खालच्या तारांवर छोटी सुरावट काढतो आणि १०वर ई पुन्हा घट्ट बसते. पुढे ११ आणि १२वर उजव्या हाताची बोटे एकामागून एक तारांवर उलगडतात, त्या झणकाराला रासगेआदो म्हणतात. एफ चौथीवर आला तर स्वर तेच असूनही सोलेआ मोडते. गाणे सुरू असताना अनेक सोलेआंत तिसऱ्या ओळीपाशी जी सेव्हनमधून सीवर जातात. क्षणभर उजेड पडल्यासारखे होते, आणि मग एफवरून ई गाठतात.

सगळेच पालो या स्वरमेळातले नाहीत. कादिसचा आलेग्रियास सोलेआच्याच कोम्पासवर चालतो, पण मेजरमध्ये, आणि त्याचा आराखडा मुख्यतः षड्ज आणि पंचमाच्या कॉर्डवर उभा असतो. फान्दांगोसची रचना मला सर्वांत सुंदर वाटते. गिटारचे मधले तुकडे ईच्या फ्रिजियनमध्ये असतात, पण गायकाने तोंड उघडले की हार्मनी सी मेजरमध्ये शिरते. चार-पाच ओळींची कविता ओळी पुन्हा गाऊन सहा तेर्सियोंत, म्हणजे गायच्या ओळींत, पसरवतात. त्यांचे मुक्काम क्रमाने सी, एफ, सी, जी, सी आणि शेवटी पुन्हा एफ. त्या शेवटच्या एफवरून गिटार ईवर घसरते आणि श्रोता न कळत मूळ घरी परततो. मालागेन्या, ग्रानाइना आणि तारान्ता याच कुळातले असल्याने त्यांच्या गाण्यालाही हाच सांगाडा आहे, फक्त कोम्पास सुटलेला.

संपूर्ण सादरीकरण छोट्या घटकांनी बांधले जाते. सुरुवातीला गायक 'आय'सारख्या अक्षरांवर गळा तापवतो, तो सालिदा. मग लेत्रा, म्हणजे गीताचे कडवे. सोलेआत ते तीन किंवा चार ओळींचे, आठ-आठ अक्षरांचे. दोन लेत्रांच्या मध्ये गिटारची रचलेली सुरावट येते, ती फाल्सेता. नर्तकी ठराविक पदन्यासाने पुढच्या भागाची हाक देते, ती यामादा. वाक्य ठसक्याने बंद करणे म्हणजे रेमाते. नाचाच्या सोलेआत पुढे एस्कोबिया हा पायांच्या कामाचा लांब भाग येतो, लय चढत जाते आणि शेवट बहुधा बुलेरियासमध्ये होतो. मांडणीत आलाप-बंदिशीसारखा पूर्वापार ठरलेला क्रम नसतो. कुठे काय येणार हे गायक, नर्तक आणि वादक त्या क्षणी एकमेकांना खुणावून ठरवतात, आणि सर्वांना घटक पाठ असल्यानेच ते जमते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्हेसिरासच्या पाको दे लुसियाने (१९४७–२०१४) जॅझमधल्या दाट कॉर्ड या सांगाड्यावर चढवल्या आणि पेरूचे काहोन हे पेटीसारखे तालवाद्य फ्लामेंकोत आणले. गायक कामारोन दे ला इस्लाबरोबरच्या त्याच्या ध्वनिमुद्रणांत मात्र कोम्पास कुठेही ढळत नाही.

शिकणाऱ्याने सुरुवात टाळ्यांनी करावी. तळवे किंचित पोकळ ठेवून मारलेली दबकी टाळी गाण्याखाली, बोटे तळव्यावर आपटून काढलेली टणक टाळी नाचाच्या वेळी. पायाने ठोका धरून १२ मोजत जोराच्या मात्रा टाळीने दाखवायच्या, मग त्याच जागी एफ आणि ई ठेवायच्या, मग एखाद्या ध्वनिमुद्रणातल्या गायकाला साथ करून पाहायची. गायक ओळ ताणतो तेव्हा साथीदार कॉर्ड बदलत नाही, आवर्तनामागून आवर्तन तिथेच धरून ठेवतो, आणि गळा खाली उतरताना त्याच्याबरोबर १०व्या मात्रेवर ईला येऊन मिळतो. फाल्सेता यानंतर शिकली तर कोम्पासमध्ये बसते. आधी शिकली तर बोटे तयार होतात, पण साथीला बसल्यावर हात कुठे बदलायचा ते कळत नाही.