कंट्रोल-झेडने काम जातं कुठे?

विंडोजवर हात बसलेल्या माणसासाठी कंट्रोल-झेड म्हणजे ‘झालेलं उलटव’. हीच सवय घेऊन आमच्या कुडाळ-सावंतवाडीकडची पोरं गिट बॅश, म्हणजे विंडोजवर युनिक्सच्या आज्ञा चालवणारं साधन, टाकतात आणि चार दिवसांत तक्रार येते: “सर, सगळा गेला ओ!” व्हिम या एडिटरमध्ये फाईल लिहीत होते, एस्केप मारलं, चूक सुधारायला कंट्रोल-झेड दाबलं आणि एडिटरच नाहीसा. स्क्रीनवर मात्र एक ओळ असते: चौकटी कंसात १, पुढे अधिकचं चिन्ह, मग ‘स्टॉप्ड’. ती कोणी वाचत नाही. घाबरून तीच फाईल पुन्हा उघडतात, तर व्हिम स्वॅप फाईल (चालू कामाची त्याने ठेवलेली तात्पुरती नोंद) सापडल्याचा इशारा देतो आणि भीती दुप्पट होते. खरं तर पहिला व्हिम अजून जिवंत आहे, म्हणूनच तो इशारा. ‘एफजी’ टाइप करून एंटर मारा, व्हिम होता त्या ओळीवर हजर.

आता माझ्या आवडीचा भाग. कंट्रोल धरून अक्षर दाबलं की त्याच्या कॅपिटल रूपाच्या आस्की क्रमांकातून (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या आकड्यातून) ६४ वजा होतात. झेडचे ९०, उरले २६. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, हा २६ पुढे पाठवतं, पण एरवी तो प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही. युनिक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, टर्मिनल आणि प्रोग्रॅम यांच्या मधे ‘लाइन डिसिप्लिन’ नावाचा थर असतो. तो २६ गिळतो आणि त्याऐवजी ‘सिगटीएसटीपी’ हा थांबण्याचा सिग्नल सोडतो, तोही एकट्यादुकट्याला नाही, तर टर्मिनल ज्याच्या ताब्यात आहे त्या अख्ख्या प्रोसेस ग्रुपला, म्हणजे एकत्र चाललेल्या प्रोग्रॅमच्या गटाला. पाइप लावून चार प्रोग्रॅम जोडले असतील तर चारही थांबतात. कर्नल त्यांना सीपीयूच्या पाळीतून वगळतो. मेमरी, उघड्या फायली, अर्धवट फिरलेला लूप, सगळं जिथल्या तिथे. पावसाळी बंदीत शाकारून ठेवलेल्या बोटीसारखं: डिझेल जळत नाही, जागा मात्र अडते. शेलला, म्हणजे आपल्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, कळतं की आपण सुरू केलेलं पोर मेलेलं नाही, थांबलंय, आणि तो पुढच्या आज्ञेसाठी प्रॉम्प्ट दाखवतो. ‘एफजी’ म्हटलं की शेल टर्मिनलचा ताबा त्या ग्रुपला परत देतो आणि ‘सिगकॉन्ट’ हा पुढे चालू होण्याचा सिग्नल पाठवतो. ‘बीजी’ने सिगकॉन्ट तेवढा जातो, ताबा शेलकडेच राहतो.

व्हिम इथेही मानी. तो लाइन डिसिप्लिनला सिग्नल काढायला मनाई करतो, २६ स्वतः वाचतो, पडदा आवरतो आणि मग स्वतःच तो सिग्नल सोडतो. म्हणून इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल-झेड दाबलं तर काही थांबत नाही, फाईलमध्ये एक विचित्र अक्षर तेवढं उमटतं.

प्रोग्रॅम थांबवून पुन्हा चालू करण्याची ही सोय ऑस्ट्रियातल्या लॅक्सेनबर्गच्या आयआयएएसए या संशोधन संस्थेत जिम कल्प यांनी सी-शेलमध्ये आणली. तिथून ती बर्कलेच्या युनिक्समध्ये गेली.

विंडोजच्या कर्नलला हे सिग्नल ठाऊकच नाहीत. डॉसपासून तिथे २६ म्हणजे ‘इनपुट संपलं’. मग गिट बॅशमध्ये चालतं कसं? सिग्विन, आणि त्यातूनच फुटलेलं एमसिस २, ज्यावर गिट बॅश बेतलेलं आहे, एका डीएलएलमध्ये, म्हणजे अनेक प्रोग्रॅम वापरतात अशा सामायिक फायलीत, युनिक्सचं सोंग वठवतात. सिग्विनच्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये एक जादा थ्रेड (कामाचा स्वतंत्र धागा) केवळ सिग्नलची वाट बघत बसलेला असतो. सोंग त्या डीएलएलवर बांधलेल्या प्रोग्रॅमपुरतंच. विंडोजच्या मूळ प्रोग्रॅमवर कंट्रोल-झेडचा भरवसा धरू नका. गंमत म्हणजे गिट बॅशमधला खुद्द गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम, असाच मूळ विंडोज प्रोग्रॅम आहे. त्यामुळे कमिटचा (अशा एका नोंदीचा) मजकूर लिहायला गिटनेच उघडलेल्या व्हिममध्ये कंट्रोल-झेड न दाबलेलं बरं.

  

थांबवलेला प्रोग्रॅम चालू मेमरीत असतो, डिस्कवर सेव्ह होत नाही. आषाढात लाइट गेली आणि यूपीएसने मान टाकली की तोही गेला. म्हणून आधी सेव्ह करा, मग थांबवा. डब्ल्यूएसएल २ मध्ये, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायच्या सोयीत, खराखुरा लिनक्स कर्नल असल्याने लिनक्सच्या प्रोग्रॅमसाठी सोंगाची गरजच पडत नाही. कुठेही असा, उठण्याआधी ‘जॉब्ज’ टाइप करून कोण कोण थांबलंय ते बघा. ‘एक्झिट’ म्हटलं तर बॅश हा शेल एकदा अडवतो, दुसऱ्यांदा लगेच म्हटलंत तर अडवत नाही.