कॉच यांच्या काळातले दोन नियम आणि अ‍ॅडम्स यांचा खटला

निवडणुकीचा निधी कोणाकडून घ्यावा हा एक प्रश्न, आणि कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना पकडण्यासाठी शहराने केंद्र सरकारला किती हातभार लावावा हा दुसरा. न्यूयॉर्कमध्ये हे दोन्ही प्रश्न पस्तीस वर्षे आपापल्या वाटेने चालले आणि २०२५ मध्ये महापौर एरिक अ‍ॅडम्स यांच्या खटल्यात एकमेकांना येऊन भिडले. दोन्हींबाबतचे नियम मुळात एड कॉच या एकाच महापौरांच्या कारकिर्दीतले आहेत.

१९८६ मध्ये पार्किंगच्या दंडवसुलीच्या कंत्राटांतील लाचखोरी उघड झाली आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे बडे स्थानिक पुढारीच तीत अडकलेले निघाले. त्या धक्क्यातून १९८८ चा निवडणूक निधी कायदा आला. लहान देणगीदाराच्या रकमेत शहराच्या तिजोरीतून भर (जोडनिधी) घालायची, म्हणजे उमेदवाराला धनिकांचे उंबरे झिजवावे लागणार नाहीत, हा त्यामागचा विचार होता. आरंभी एका डॉलरला एक डॉलर मिळे. २०१८ च्या सार्वमतानंतर महापौरपदाच्या उमेदवाराला शहरवासीयाच्या २५० डॉलरच्या देणगीमागे २,००० डॉलर मिळू लागले. साहजिकच, दुसऱ्याच्या नावावर पैसे भरण्याचा मोहही आठपट झाला.

१९८९ मध्ये कॉच यांनी आदेश काढला की, गुन्ह्याचा संशय वगैरे अपवाद सोडता, शहराच्या कर्मचाऱ्यांनी परदेशी रहिवाशांची माहिती केंद्राला कळवू नये. कारण पकडले जाण्याच्या धास्तीने लोक रुग्णालयात, शाळेत किंवा पोलिसांकडे येईनासे झाले तर नुकसान साऱ्या शहराचे होते. १९९६ च्या केंद्रीय कायद्यांनी या आदेशाचा पाया काढून घेतला. रिपब्लिकन महापौर रुडी जुलियानी त्या कायद्यांविरुद्ध न्यायालयात गेले, आणि हरले. पुढे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी २००३ मध्ये नव्या रूपात हेच धोरण आणले आणि २०१४ च्या कायद्याने रायकर्स बेटावरील तुरुंगातून ‘आइस’ या, बेकायदा स्थलांतरितांना पकडणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे कार्यालय हलवले.

२०२२ पासून दोन लाखांहून अधिक स्थलांतरित शहरात आले आणि अ‍ॅडम्स यांची भाषा कडक होत गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्यावर आरोपपत्र दाखल झाले: तुर्की हितसंबंधीयांकडून विमानप्रवासाच्या सवलती आणि बेकायदा देणग्या घेतल्या, नामधारी देणगीदार दाखवून शहराचा जोडनिधी लाटला, आणि बदल्यात तुर्की वाणिज्य दूतावासाची नवी उंच इमारत अग्निसुरक्षेची तपासणी न होता खुली व्हावी म्हणून दबाव आणला. अ‍ॅडम्स यांनी हे सारे आरोप नाकारले.

१० फेब्रुवारी २०२५ रोजी ट्रम्प प्रशासनाच्या न्याय विभागाने खटला मागे घेण्याचा आदेश दिला. बेकायदा स्थलांतराकडे लक्ष देण्यात महापौरांना खटल्याची आडकाठी होते, असे एक कारण त्यात चक्क लिहिलेले होते. तो मानायला नकार देत तीनच दिवसांनी न्यूयॉर्कच्या प्रभारी केंद्रीय वकील डॅनिएल ससून यांनी राजीनामा दिला, आणि त्याच दिवशी अ‍ॅडम्स यांनी ‘आइस’ला रायकर्सवर परत येऊ देण्याचे जाहीर केले. न्यायाधीश डेल हो यांनी एप्रिलमध्ये खटला कायमचा रद्द केला. मात्र या साऱ्याला सौद्याचा वास येतो, असे निकालपत्रात नोंदवून ठेवले.

रायकर्सच्या आदेशावर महापौरांनी स्वतः सही केली नाही, ती उपमहापौरांनी केली. तरीही हितसंबंधांच्या संघर्षाचे कारण देऊन राज्य न्यायालयाने ८ सप्टेंबरला तो रद्दबातल ठरवला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला अ‍ॅडम्स यांनी महापौरपदाच्या निवडणुकीतून माघार घेतली. १९८८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या मंडळाने आपला जोडनिधी अडवून धरला, हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक होते.