सिद्ध कुणी करायचं? फसव्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्याची वाटचाल

‘मधुमेह मुळासकट बरा, १०० टक्के खात्री’ असं पत्रक एसटी स्टँडच्या भिंतीवर दिसलं की बहुतेकांना वाटतं, याला अडवणारा कायदाच नसावा. कायदा आहे, आणि तो १९५४ पासून आहे. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याला एक यादी जोडलेली आहे. मधुमेह, कर्करोग, बहिरेपणा, लठ्ठपणा, उंची वाढवणं असे ५४ विकार तिच्यात येतात, आणि त्यांवरच्या इलाजाची जाहिरात लोकांसमोर करण्यालाच बंदी आहे. मंत्र, ताईत, कवच यांनी रोग बरा होतो असं सांगणंही त्यातच मोडतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. १९५९ साली या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालं. काही तरतुदी गेल्या, पण बंदीचा गाभा टिकला.

हे झालं औषधांचं. साबण, पंखा, बॅटरी, शिकवणी यांच्या जाहिरातीत काहीही छापलं तरी कित्येक वर्षं गिऱ्हाइकाला एकच उत्तर मिळायचं: घेताना बघून घ्यायचं होतं. माझ्या मते सगळा तिढा इथेच होता. कारखान्यात काय चाचणी झाली, झाली की नाही, हे दुकानात उभ्या असलेल्या माणसाला कळणार कसं? दावा करणारा मोकळा आणि ऐकणाऱ्याने मात्र तपासायचं, हा न्यायच उलटा होता.

१९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्यात, म्हणजे एमआरटीपी कायद्यात, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल काहीच नव्हतं. मक्तेदारी मोडली की ग्राहकाचं भलं आपोआप होईल, असा त्यामागे समज होता. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने १९७८ मध्ये या उणिवेवर बोट ठेवलं. तोवर महाराष्ट्रात ग्राहक संघटित होऊ लागला होता. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली.

१९८४ च्या दुरुस्तीने एमआरटीपी कायद्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे प्रकरण आलं. त्यातलं एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं. एखादी वस्तू किती टिकेल, किती परिणामकारक ठरेल याची हमी पुरेशा चाचणीशिवाय देणं ही अनुचित प्रथा ठरली आणि ‘आम्ही चाचणी केली होती’ असा बचाव कुणी केलाच, तर ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच टाकला गेला. बाजू उलटली ती इथे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ही तरतूद आहे.

जाहिरात फसवी आहे की नाही हे ठरवायचं कसं, हा पुढचा प्रश्न. १९८९ मध्ये लखनपाल नॅशनल कंपनीच्या नोव्हिनो बॅटरीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. जपानच्या ‘नॅशनल पॅनासोनिक’च्या सहकार्याने बनवलेली बॅटरी, असं जाहिरातीत म्हटलं होतं. करार प्रत्यक्षात मात्सुशिता या कंपनीशी होता. नॅशनल आणि पॅनासोनिक ही तिच्या मालाची नावं. न्यायालय म्हणालं, शब्द चुकले, पण गिऱ्हाईक फसलं नाही, कारण माल त्याच तंत्राचा होता. म्हणजे शब्दाला शब्द लावून पाहायचं नाही, तर वाचणाऱ्याच्या मनात काय ठसतं ते पाहायचं. ही कसोटी उलट बाजूनेही लागते: एकेक शब्द खरा असूनही जाहिरात फसवी असू शकते.

१९८५ मध्ये मुंबईत जाहिरात मानक परिषद स्थापन झाली. ही सरकारी संस्था नव्हे, जाहिरात व्यवसायानेच स्वतःला घालून घेतलेला लगाम आहे. पुढच्याच वर्षी, २४ डिसेंबर १९८६ ला, ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. त्यामुळे ग्राहकाला जिल्हा पातळीवरच्या ग्राहक मंचाकडे दाद मागता आली. पण कुणी तक्रार घेऊन गेलं तरच कज्जा उभा राहायचा. जाहिरात लाखोंनी पाहायची आणि मंचाकडे जायचा एखादाच.

ही फट बुजली ती २०१९ च्या कायद्याने. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. प्राधिकरण स्वतःहून चौकशी करू शकतं, जाहिरात थांबवू शकतं, १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तेच घडलं तर ५० लाखांपर्यंत. शहानिशा न करता वस्तूची भलामण करणाऱ्या नटांना, खेळाडूंनाही दंड होतो आणि एक वर्षासाठी जाहिरातबंदी घालता येते. महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणं हीसुद्धा आता दिशाभूल आहे. स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांवर प्राधिकरणाने केलेल्या कारवाया पाहा. फलकावर यशस्वी उमेदवारांचे फोटो खरे, गुणही खरे. पण त्यांतल्या अनेकांनी तिथे फक्त मुलाखतीचं मोफत मार्गदर्शन घेतलं होतं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. गावाकडची जमीन विकून पोराला पुण्याला पाठवणाऱ्या बापाला नेमकं तेच कळायला हवं होतं.

जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ‘अटी लागू’ या बारीक ओळीलाही हात घातला. दावा ज्या भाषेत आणि ज्या अक्षरांत, त्याच भाषेत आणि त्याच अक्षरांत खुलासा हवा, आणि मूळ दाव्याला छेद देणारी तळटीप चालणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींच्या खटल्यात कंपनीने वर्तमानपत्रांत माफीनामा छापला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने विचारलं की तो तुमच्या जाहिरातींएवढ्याच आकाराचा आहे का?

आज १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मात्र प्राधिकरण दंड करतं. तुमचे पैसे परत हवे असतील तर सहसा ग्राहक आयोगाकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचाकडे, जावं लागतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. जाताना पावतीबरोबर जाहिरातही न्या. कात्रण असेल तर तारखेसकट आणि मोबाइलवर पाहिली असेल तर तेव्हाच काढलेला स्क्रीनशॉट, कारण ती जाहिरात दुसऱ्या दिवशी तिथे असेलच असं नाही.