तोंडवळा एक, पण डायव्हर एकच

तारकर्लीला स्कूबाला निघालेल्या भाच्यानं सदाशिव पेठेतल्या अमृततुल्यात आपलं मनगट माझ्या मनगटाला लावलं. "मामा, सेम टु सेम. माझंही घड्याळ डायव्हरच!" डायव्हर म्हणजे पाण्यात बुडी मारताना घालायचं घड्याळ.

दिसायला खरंच जुळे भाऊ. तीच साडेबेचाळीस मिलिमीटरची केस, म्हणजे बाहेरची डबी, तेच काचेभोवतीचं फिरणारं कडं, म्हणजे बेझल, चावीसुद्धा दोघांची चारच्या आकड्यापाशी.

माझं सेइको या जपानी कंपनीचं एसकेएक्स ००७, १९९६ साली आलेलं मॉडेल. त्याचं २०१९चं सेइको फाइव्ह स्पोर्ट्स, ज्याला शौकीन 'फाइव्हकेएक्स' म्हणतात. सेइकोची टोपणनावं बहुतेक रूपावरून पडतात, वाड्यात एखाद्याला ढब्बू म्हणावं तशी. १९७६चं फुगीर केसचं ते टर्टल, म्हणजे कासव. १९७५चं, वरून जाड कवच चढवलेलं ते ट्यूना, कारण ते माशाच्या डब्यासारखं दिसतं. फाइव्हकेएक्सला मात्र थोरल्या एसकेएक्सचं 'केएक्स' हे आडनाव मिळालं आणि सगळा घोळ तिथेच झाला.

"चावी ओढ," मी म्हटलं. त्याची सटकन बाहेर आली. माझी आधी आटे फिरवून सोडवावी लागते. पाण्याखाली चावी कशात अडकली तर फरक तिथे कळतो. माझं २०० मीटर पाणीरोधक, आयएसओ ६४२५ या डायव्हरच्या निकषात बसणारं. त्याचं १०० मीटरचं, पण म्हणून ते घालून शंभर मीटर खाली जायचं नसतं. पोहायला, पावसात सिंहगड चढायला ते उत्तम. सिलिंडर पाठीला लावून बुडी मारायला नाही.

यंत्राचा विषय निघाला की मात्र मामाची मान खाली. माझ्यातलं ७एस२६ हे यंत्र मनगटाच्या हालचालीवर चालतं, त्याला हातानं चावी देता येत नाही. दोन दिवस कपाटात राहिलं की बंद, मग खुळखुळ्यासारखं हलवत बसा. वेळ लावताना सेकंदकाटा थांबतही नाही, आपला पळतोच. त्याच्या ४आर३६ या यंत्रात चावी देण्याची आणि सेकंदकाटा थांबवण्याची, दोन्ही सोयी आहेत, वर पाठीच्या काचेतून यंत्र फिरताना दिसतं. माझ्या पाठीवर नुसती कोरलेली लाट. रोज ऑफिसला घालायचं तर मी त्याचंच घेईन.

शेवटी अदलाबदल झाली. जुन्या घड्याळातली रबरी वायसरं कडक होतात, म्हणून आधी लक्ष्मी रोडवर माझं प्रेशर टेस्ट करून आणलं. ते आता तारकर्लीला आहे, आणि त्याचं माझ्या हातावर, मोबाइलशी सेकंदाला सेकंद जुळवलेलं.