समाजशास्त्राच्या पायाभरणीत स्त्रिया नव्हत्या?

पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं एक नोट फिरते: समाजशास्त्र कॉम्त, मार्क्स, दुर्खीम, वेबर यांनी उभारलं, स्त्रिया त्यात फार उशिरा आल्या. अनेक पाठ्यपुस्तकांचा सूरही तोच, त्यामुळे ते खरं वाटणं साहजिक आहे.

सनावळी मात्र वेगळं सांगते. समाजाचं निरीक्षण कसं करावं, यावरचं इंग्रज लेखिका हॅरिएट मार्टिनोचं पुस्तक १८३८ चं. दुर्खीमचं अभ्यासपद्धतीवरचं पुस्तक १८९५ चं, म्हणजे तब्बल ५७ वर्षांनंतरचं. मार्टिनोचा सल्ला आजही कामाचा आहे: आधी वस्तू, नोंदी, अगदी थडग्यांवरचे लेखसुद्धा बघा, लोकांचं बोलणं त्यावरचं भाष्य म्हणून ऐका. ‘समाजशास्त्र’ हे नाव रूढ केलं कॉम्तनंच, त्यात वाद नाही. पण इंग्रजी वाचकांना तो कळला तो मुख्यतः मार्टिनोच्या १८५३ च्या संक्षिप्त अनुवादातून. कॉम्तला तो इतका पटला, की पुढे त्याचा उलट फ्रेंच अनुवाद झाला!

१८९५ मध्येच शिकागोत फ्लॉरेन्स केली आणि हल हाउस या गरीब वस्तीत काम करणाऱ्या संस्थेतल्या सहकाऱ्यांनी कुटुंबागणिक मजुरीची कमाई रंगीत नकाशांवर मांडली.

आपल्याकडे ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्यातच छापली गेली. ते रूढ अर्थानं शास्त्रीय पुस्तक नव्हे, पण घरातल्या सत्तेची चिरफाड त्यात आहे. डेक्कन कॉलेजमधल्या इरावती कर्व्यांचा नातेसंबंधांवरचा ग्रंथ १९५३ चा.

पडताळायला सोपं आहे. जुन्या आवृत्त्यांच्या स्कॅन प्रती नेटवर फुकट मिळतात. मुखपृष्ठावरचं साल बघा. १८५३ च्या प्रतीवर तर कॉम्तच्या नावाखाली अनुवादक म्हणून मार्टिनोचं नाव स्पष्ट छापलेलं आहे.