१९८६ ला तेलाचा भाव पडला आणि पर्यायी ऊर्जा कशी मागे पडली

१९७३ ची तेलबंदी, मग १९७९ ची इराणमधली क्रांती, हे सगळ्यांना माहितीये म्हणून सोडून देते. पर्यायी ऊर्जेचं नशीब ठरलं ते १९८५-८६ ला, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलतच नाही.

या दोन धक्क्यांनी तेलाचे भाव चढे होते तेव्हा सगळेच पर्यायामागे लागलेले. ब्राझीलने १९७५ पासून उसाचं इथेनॉल धरलं, दहा वर्षांत तिथल्या बहुतेक नव्या गाड्या निव्वळ इथेनॉलवर चालायला लागल्या. अमेरिकेने १९८० ला कायदा करून कोळसा आणि शेल खडकातून कृत्रिम इंधन काढायचं ठरवलं, टार्गेट होतं १९८७ पर्यंत रोज ५ लाख बॅरल. हिशोब सगळा एकाच भरवशावर, की तेल महागच होत जाणार.

झालं उलटं. महागाईने लोकांनी वापर कमी केला, उत्तर समुद्राचं आणि अलास्काचं नवं तेल आलं, आणि भाव टिकवायला सौदी अरेबिया जवळपास एकटाच उत्पादन कापत बसला, रोजच्या सुमारे १ कोटी बॅरलवरून १९८५ च्या उन्हाळ्यात ३० लाखांच्याही खाली. शेवटी त्यांनी कपात सोडून दिली आणि ३० डॉलरच्या आसपासचा भाव काही महिन्यांत १० च्या जवळ आला. काहीजण म्हणतात हे पर्याय मारायलाच केलं, काहीजण म्हणतात हातचं गेलेलं गिऱ्हाईक परत मिळवायला. मला दुसरं पटतं, पण पर्याय मेले ते मेलेच. अमेरिकेने तो कृत्रिम इंधनाचा कार्यक्रम १९८६ लाच गुंडाळला. ब्राझीलमध्ये ऊस साखरेकडे वळला, १९८९ ला पंपांवर इथेनॉल मिळेना, लोकांचा विश्वास उडाला तो २००३ ला दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या आल्यावरच परत आला. डेन्मार्कने मात्र तेल पडलं तसे ऊर्जेवरचे कर वाढवले, म्हणून तिथे बचतीचा आणि पवनचक्क्यांचा हिशोब बिघडला नाही. बाकीच्यांनी पण हेच करायला हवं होतं, तीच वेळ होती.

२०१४ नंतर तेल शंभरावरून ३० च्या खाली आलं तेव्हा सौरऊर्जा थांबली नाही, कारण पॅनल स्वस्त झाले होते आणि १९७३ ला जगातली पाव वीज तेलावर बनायची ती आता अगदीच थोडी बनते, त्यामुळे सौर आणि तेलाची थेट स्पर्धाच नाही. खरी टक्कर गाड्यांमध्ये आहे. एप्रिल २०२० ला अमेरिकन तेलाचा वायद्याचा (पुढे माल घ्यायच्या आगाऊ सौद्याचा) भाव शून्याखाली गेला तरी त्या वर्षी जगात इलेक्ट्रिक गाड्यांचा खप वाढला, अर्थात युरोपातल्या अनुदानांचा आणि प्रदूषणाच्या नियमांचा त्यात मोठा हात होता.