थिन क्लायंट की डिस्कलेस? डबी तीच, राबणारा प्रोसेसर वेगळा

कार्यालयातले वीस-पंचवीस जुने कॉम्प्युटर बदलायचे आणि त्याच झटक्यात लिनक्सवर जायचं ठरलं की 'थिन क्लायंट' हा शब्द चर्चेत हमखास येतो. मॉनिटरच्या पाठीला अडकवलेली छोटी डबी, आत हार्ड डिस्क नाही, सगळं सर्व्हरवरून येतं, एवढंच चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. अडचण अशी, की हे वर्णन दोन निरनिराळ्या व्यवस्थांना तंतोतंत लागू पडतं. एक खरा थिन क्लायंट, आणि दुसरं डिस्कलेस वर्कस्टेशन, ज्याला लिनक्सवाले 'फॅट क्लायंट'ही म्हणतात. कोटेशन मागवताना यांची गल्लत झाली तर पैसा नको तिथे जातो. पहिल्या व्यवस्थेत सर्व्हर तगडा लागतो. दुसरीत सर्व्हर बेताचा चालतो, पण टेबलावरचं यंत्र आणि नेटवर्कचा स्विच (सगळ्या केबल जिथे एकत्र येतात ती पेटी) चांगले लागतात.

गल्लत होते त्यात नवल नाही. बटण दाबल्यापासून लॉगिनचा पडदा दिसेपर्यंत दोघांचा प्रवास सारखाच असू शकतो. नेटवर्क कार्डातला पीएक्सई, म्हणजे नेटवर्कवरून बूट करणारा प्रोग्राम, जागा होतो. डीएचसीपी सर्व्हर त्याला आयपी पत्ता (नेटवर्कवरची ओळख) देतो आणि बूट फाइल कुठे मिळेल ते सांगतो. टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, उतरतो, मागोमाग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, येतो. हा कर्नल सर्व्हरवरची एक तयार इमेज, म्हणजे सगळ्या सिस्टिमची एका फाइलीत बांधलेली प्रत, एनएफएससारख्या (नेटवर्कवरून फाइल वापरू देणाऱ्या) मार्गाने जोडून घेतो आणि तिलाच आपली डिस्क मानून चालतो. इमेज फक्त वाचण्यापुरती असते. यंत्राला जे काही लिहायचं असेल ते रॅममधल्या एका थरावर लिहिलं जातं आणि यंत्र बंद होताच पुसलं जातं.

फाटा फुटतो तो लॉगिननंतर. थिन क्लायंटवर तुम्ही ब्राउझर उघडला की तो सर्व्हरवर उघडतो, सर्व्हरच्या प्रोसेसरवर चालतो आणि सर्व्हरचीच रॅम खातो. टेबलापर्यंत पोचतं ते पडद्यावरचं चित्र. उलट दिशेने जातात कीबोर्डच्या कळा आणि माउसच्या हालचाली. डिस्कलेसवर ब्राउझरची फाइल सर्व्हरवरून वाचली जाते खरी, पण तो चालतो समोरच्या डबीत, तिच्याच प्रोसेसरवर. सर्व्हर इथे फक्त कोठाराचं काम करतो.

आपल्यापुढे नेमकं काय मांडलंय हे ओळखायचं असेल तर डेस्कटॉपवर टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडा आणि 'होस्टनेम' ही कमांड द्या. सर्व्हरचं नाव आलं तर तो थिन क्लायंट. यंत्राचं स्वतःचं नाव आलं तर डिस्कलेस. विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर फार विसंबू नये. 'डिस्क नाही म्हणजे थिन' ही खूण दोन्ही बाजूंनी फसवते: बाजारात थिन क्लायंट म्हणून मिळणाऱ्या बहुतेक डब्यांत छोटी फ्लॅश मेमरी असते आणि त्या स्वतःच्या सिस्टिमवरच बूट होतात, तर आठ कोरचा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम असलेला पीसीसुद्धा डिस्क काढून नेटवर्कवरून बूट करता येतो.

गोंधळात भर घातली ती ओपन सोर्सच्याच इतिहासाने. लिनक्सवर हा प्रकार रूढ केला तो लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्टने, म्हणजे एलटीएसपीने. हा प्रकल्प जिम मॅक्विलन यांनी १९९९ मध्ये सुरू केला. तेव्हा टाकाऊ ठरलेल्या पीसीत दमच नसायचा, त्यामुळे सगळं काम सर्व्हरने करायचं आणि पीसीने नुसतं दाखवायचं हीच वाट शहाणपणाची होती. पुढे टाकाऊ पीसीही बऱ्यापैकी ताकदवान निघू लागले, वेबपानं अवजड झाली, व्हिडिओ जिथेतिथे आला. २०१९ मध्ये एलटीएसपी नव्याने लिहिला गेला, तेव्हा त्याचा जुना थिन क्लायंटचा साचा गळून पडला. आता त्याचं मुख्य काम डिस्कलेस यंत्रं बूट करणं हे आहे. थिन हवाच असेल तर आरडीपी किंवा एक्सटूगो (दूरच्या सर्व्हरचा डेस्कटॉप आपल्या पडद्यावर आणायच्या पद्धती) वरून जोडा, असा त्याचा पवित्रा आहे. नावात 'टर्मिनल सर्व्हर' मात्र तसंच राहिलं. परिणामी दहा वर्षांपूर्वीचा लेख वाचून कोणी एलटीएसपी बसवलं, तर मिळतं ते लेखात वर्णन केलेलं नसतं.

हा बदल का झाला ते व्हिडिओच्या हिशेबातून चांगलं कळतं. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा पडदा, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ३० चित्रं: हे कच्चं चित्र पाठवायचं तर सेकंदाला जवळजवळ दीड गिगाबिट लागतात. म्हणजे एकच माणूस पूर्ण पडद्यावर व्हिडिओ बघायला बसला तर गिगाबिटची केबल अपुरी. अर्थात कुठलाही बरा प्रोटोकॉल (आरडीपीसारखी चित्र पाठवायची पद्धत) चित्र दाबून, म्हणजे आकाराने लहान करून, पाठवतो, पण ते दाबायचं काम सर्व्हरच्याच माथी येतं. बघा कसं होतं: मूळ व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, सर्व्हर तो उलगडतो, पुन्हा दाबतो आणि डबी परत उलगडते. असे वीस जण एका वेळी प्रशिक्षणाचा व्हिडिओ बघू लागले की सर्व्हर धापा टाकतो. डिस्कलेसवर दाबलेला व्हिडिओ तसाच टेबलापर्यंत येतो, सेकंदाला थोडेसे मेगाबिट घेतो, आणि डबीतली ग्राफिक्स चिप तो उलगडते. व्हिडिओ कॉलची गोष्ट याहून वाईट, कारण कॅमेरा आणि माइक टेबलावर असतात तर कॉलचा प्रोग्राम सर्व्हरवर. ज्या कार्यालयात दिवसातून चार बैठका पडद्यावर होतात तिथे लिनक्सचा निव्वळ थिन क्लायंट मी सुचवणार नाही.

पण म्हणून थिन क्लायंट मोडीत निघाला असं नाही. नोंदी भरणं, हिशेब, पत्रव्यवहार, एखादं ठरलेलं सॉफ्टवेअर दिवसभर चालवणं, अशा कामात तो अजूनही चोख आहे. फ्लोरिडातल्या लार्गो शहराच्या पालिकेने वर्षानुवर्षं शेकडो कर्मचाऱ्यांचे लिनक्स डेस्कटॉप याच पद्धतीने चालवले. तिथल्या रचनेत सगळा भार एका सर्व्हरवर नव्हता. वेगवेगळ्या प्रोग्रामना वेगवेगळे सर्व्हर दिलेले होते. मेमरीच्या बाबतीतही वाटतो तेवढा तोटा नसतो. तीस जणांनी लिबरऑफिस उघडलं तरी प्रोग्रामचा स्वतःचा कोड सर्व्हरच्या मेमरीत एकदाच बसतो, वाढतो तो प्रत्येकाच्या कागदपत्रांचा भाग. ब्राउझर मात्र हा हिशेब बिघडवतो. माणशी दोन जीबी धरले तर तीस जणांना ६० जीबी नुसत्या ब्राउझरला, आणि एकाच्या बिघडलेल्या टॅबने सर्व्हर अडवला तर बाकीचे एकोणतीस जण माउस हलवत बसतात. यावर उतारा आहे: सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवरचे प्रोग्राम सुरू करणारा आणि सांभाळणारा भाग) प्रत्येक वापरकर्त्याच्या प्रोसेसर आणि मेमरीला मर्यादा घालता येते. ती पहिल्याच दिवशी घालावी.

खरी निवड पुष्कळदा केबलच ठरवते. दूरची शाखा इंटरनेटवरून जोडायची असेल तर डिस्कलेसचा विचारही करू नये. सिस्टिमची प्रत्येक फाइल त्या मार्गाने यायची म्हटल्यावर यंत्र बूट होईस्तोवर चहा थंड होईल. तिथे थिनच हवा. आरडीपी किंवा एक्सटूगोसारखे प्रोटोकॉल मंद जोडणीवरही निभावून नेतात. कळ दाबल्यावर अक्षर उमटायला किंचित वेळ लागतो, तेवढं सोसावं लागतं.

एका इमारतीत चित्र उलटं. डिस्कलेसला तिथे जड जाते ती सकाळ. समजा चाळीस यंत्रं एकदम चालू झाली आणि प्रत्येकाने इमेजमधला ३०० एमबी भाग वाचला, तर १२ जीबी माल (एका बाइटचे आठ बिट) एका गिगाबिट केबलमधून जायला पावणेदोन मिनिटं लागतात. सहन होण्याजोगं आहे, पण सर्व्हरकडून निघणारी केबल दहा गिगाबिटची केली तर ही तक्रारच उरत नाही. खर्च करायचा तर या एका केबलवर आणि स्विचच्या त्या एका पोर्टवर आधी करावा.

वीज गेली तर? टेबलावरची वीज गेली तर डिस्कलेसवरचं न साठवलेलं काम गेलं. आरडीपी किंवा एक्सटूगोवरचं सत्र सर्व्हरवर जिवंत राहतं. शेजारच्या टेबलावर लॉगिन केलं तरी अर्धवट लिहिलेलं वाक्य समोर येतं. जुन्या पद्धतीने थेट एक्स विंडोवर (लिनक्सची पडद्यावर चित्र काढायची जुनी व्यवस्था) चालणाऱ्या थिनला हे जमत नाही, तिथे जोडणी तुटली की प्रोग्रामही मरतात. सर्व्हर बंद पडला तर दोन्हीकडे काम थांबतं. फरक इतकाच, की एनएफएसवरचं डिस्कलेस यंत्र गोठून वाट बघत राहतं आणि सर्व्हर परतल्यावर बहुधा होतं तिथून पुढे चालतं, थिनची सत्रं मात्र सर्व्हरबरोबरच संपतात.

सुरक्षिततेत थिनचं पारडं जड आहे, कारण फाइल टेबलापर्यंत येतच नाही, तिचं चित्र येतं. डिस्कलेसमध्ये डबी चोरीला गेली तरी आत काही सापडत नाही हे खरं, पण एक फट राहते आणि तिच्याकडे फार कमी जण बघतात. साध्या मांडणीतला एनएफएस सर्व्हर 'मी अमुक क्रमांकाचा वापरकर्ता' हे क्लायंटचं म्हणणं मान्य करतो. कुणी स्वतःचा लॅपटॉप त्याच केबलला लावून आणि परवानगीच्या यादीतला आयपी पत्ता घेऊन हिशेबनिसाचा क्रमांक सांगितला तर त्याचं फोल्डर उघडू शकतं. म्हणून वापरकर्त्यांची फोल्डरं कर्बेरॉसच्या (नेटवर्कवर ओळख पटवून घेणारी व्यवस्था) पहाऱ्यात ठेवावीत किंवा एसएसएच या कुलूपबंद जोडणीवरून जोडावीत. नव्या एलटीएसपीने ही दुसरी वाट धरली आहे.

आता परवान्यांची गोष्ट, कारण 'ओपन सोर्स थिन क्लायंट' या शब्दांवर सर्वांत मोठा गैरसमज इथेच पोसला जातो. एचपीचं थिनप्रो आणि आयजेल ओएस लिनक्सवर उभ्या आहेत, पण त्या त्या कंपन्यांची व्यावसायिक उत्पादनं आहेत. पूर्ण खुली सिस्टिम हवी तर थिनस्टेशनसारखे प्रकल्प आहेत. यातलं काहीही घेतलं तरी डबीवरचं लिनक्स ही फक्त खिडकी असते. खिडकीपलीकडे विंडोज सर्व्हरचा डेस्कटॉप दिसत असेल तर मायक्रोसॉफ्टचे रिमोट डेस्कटॉपचे क्लायंट परवाने घ्यावेच लागतात, डबीवर लिनक्स असो वा नसो. डिस्कलेस लिनक्समध्ये ही फसगत होत नाही, कारण तिथे टेबलावर चालतं तेच वापरकर्ता बघतो. तेव्हा परवान्यांचा खर्च वाचवायला निघालेल्या व्यवसायाने आधी पाहावं ते सर्व्हरवर काय चालणार आहे ते.

प्रिंटर आणि स्कॅनरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. डिस्कलेसला यूएसबी जोडणी नेहमीच्या लिनक्स पीसीसारखीच; थिनमध्ये ती सर्व्हरपर्यंत पोचवावी लागते, आणि स्कॅनर तिथे हमखास रुसतात.

दोन्ही एकाच नेटवर्कवर नांदू शकतात, आणि माझ्या मते मध्यम आकाराच्या कार्यालयाला तेच सोयीचं. डीएचसीपीत प्रत्येक यंत्राच्या मॅक पत्त्यानुसार (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) वेगळी बूट फाइल देता येते. जुनी, दुबळी यंत्रं थिन म्हणून लावावीत, बरी यंत्रं डिस्कलेस म्हणून. नवी इमेज आधी दोनच यंत्रांना देऊन आठवडाभर चालवून बघता येते, बिघडली तर एक ओळ बदलून जुनीवर परत. एक पथ्य मात्र पाळावं: इमेज वाटणारा सर्व्हर आणि थिनची सत्रं चालवणारा सर्व्हर वेगळे ठेवावेत, नाहीतर सकाळी डिस्कलेस यंत्रांची बूटची झुंबड उडते तेव्हा थिनवाल्यांचे माउस अडखळायला लागतात.